दुसरा शिपाई

शाळेतून निवृत्त झाल्यावर बन्सीलाल मास्तरांना एक नाद लागला. महायुद्धात शिपायांना मिळालेल्या शौर्याच्या सनदा ते जमवू लागले. नंदुरबारच्या रद्दीवाल्यांकडे असे कागद मधूनमधून सापडत. मग सनदेवर ज्याचं नाव असेल, त्याचा ते पलटणीला पत्रं लिहून शोध घेत. लोक विसरले तरी आपण विसरता कामा नये, असं त्यांना मनापासून वाटे.

१९५७ साली त्यांना कोरीटच्या उदेसिंग गिरासेची सनद मिळाली. ब्रह्मदेशातल्या लढाईची. पलटणीच्या कचेरीतून सात महिन्यांनी शिफारशीची नक्कल आली. मास्तरांनी तिचं मराठी केलं आणि कोरीट गाठलं.

उदेसिंगने चहा दिला, पण सनद हातात घेतली नाही. ती आपणच रद्दीत घातली, म्हणाला. मास्तरांना तो संकोच वाटला. तोवर ओट्यापुढे माणसं जमली होती. समोरच्या घरातली तापीबाईही आली. तिचा मगन उदेसिंगबरोबरच भरती झाला आणि त्याच लढाईत गेला. गोळी लागताच प्राण गेला, असं उदेसिंगने तिला परत आल्यावर सांगितलं होतं. तेव्हापासून तिचं वावर तोच पेरून देई.

मास्तरांनी कागद उघडला तसा उदेसिंग हळूच म्हणाला, "मास्तर, ऱ्हाऊ द्या."

मास्तरांनी वाचलंच. नाल्यात दोन जखमी पडले होते, एक साहेब आणि एक शिपाई. उदेसिंग गोळीबारात सरपटत गेला आणि साहेबाला पाठीवर घेऊन आला. दुसऱ्या शिपायाला आणता आलं नाही.

तापीबाईने विचारलं, "तो दुसरा मन्हा मगन व्हता?"

"व्हय."

"जित्ता व्हता?"

उदेसिंग जमिनीकडे बघत म्हणाला, "पानी मांगी ऱ्हायंता. माले परत जाऊ दिन्हं नही, माय."

ती उठली, घरात गेली आणि दार लावून घेतलं. 'दुसऱ्या शिपायाला आणता आलं नाही' या वाक्याचं मराठी नेटकं व्हावं म्हणून मास्तरांनी ते तीनदा लिहिलं होतं. दुसरा कोण, हे विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं.

दोन महिन्यांनी तापीबाई मोटारीने नंदुरबारला आली. कागदात मगनचं नाव कुठे आहे, ते दाखवा म्हणाली. नाव नाही, नुसतं 'एक शिपाई' आहे, हे मास्तरांना सांगावं लागलं. भीतभीत त्यांनी उदेसिंगबद्दल विचारलं.

"आजबी मन्हं वावर तोच पेरी देस. मी नही म्हनत नही. पन बोलत बी नही."

मास्तरांनी मगनसाठी पलटणीला चार पत्रं लिहिली. उत्तर एकदाच आलं. नाव, नंबर, मृत्यूची तारीख. कसा गेला, ते नव्हतं. ते घेऊन कोरीटला जायला त्यांना धीर व्हायला दिवाळी उजाडली.

तापीबाईने नाव दोनदा वाचायला लावलं.

"एवढंच?"

"एवढंच, बाई."

तिने कागद घेतला. मास्तरांना बसा म्हणाली नाही.