लाकडी बटणांचा कोट

"गेलीसच ना शेवटी आत?" एस्कोने कागदाची गुंडाळी हिल्काच्या कॉफीशेजारी आपटली.

एस्को वेधशाळेचा प्रमुख. कागदावरची रेघ त्या सकाळी एकदम उसळली होती आणि मग बराच वेळ सावकाश खालीवर हेलकावत राहिली होती. ती रेघ यायची बर्चच्या रानातल्या लाकडी खोपीतून. पृथ्वीचं चुंबकत्व टिपणारं यंत्र तिथे होतं. खोपीचे खिळेसुद्धा तांब्याचे. आत जाणाऱ्याच्या अंगावर लोखंडाचा कण चालत नसे. हिल्काने उभी हयात तिथे घालवली, स्वतः शिवलेला लाकडी बटणांचा कोट घालून. यंदा डॉक्टरांनी तिच्या छातीत पेसमेकर बसवला आणि तिलाच कुंपणाबाहेर ठेवण्यात आलं. निवृत्तीपर्यंत कचेरीत रेघा वाचायच्या, एवढंच उरलं होतं. तेवढ्यावरही ती खूश होती.

"मी इथंच होते, एस्को. सूर्याकडचा वारा जोरात आला की वरचं चुंबकी कवच दबतं. मग ते असंच डुलत राहतं."

"पाच-पाच मिनिटांनी? अगं, या तुझ्या येरझाऱ्या आहेत! छातीत लोखंड घेऊन खोपीचा निरोप घेत होतीस." तो कात्री नावाच्या नव्या मदतनीस मुलीकडे वळला. "आपल्याकडे वादळ सूर्यावर नाही, हिल्काच्या छातीत होतं."

कात्री हसली. साहेब हसले की हसायचं असतं. एस्कोने तांबड्या पेन्सिलीने रेघेवर काट मारली. "उद्यापासून येऊ नकोस."

तेवढ्यात नॉर्वेच्या वेधशाळेतून फोन आला. त्याच क्षणी, तश्शाच लाटा त्यांच्याकडेही.

"हो हो, आमच्याकडे तर काय सुरेख आल्यात!" एस्कोचा चेहरा फुलला. फोन ठेवून तो खोडरबराने काट पुसू लागला.

हिल्का थांबली. निदान एक शब्द तरी येईल, असं तिला वेडीला वाटलं. शेवटी तिनेच विचारलं, "मग उद्या येऊ ना?"

"आता राहू दे गं. तसंही तुझ्यावाचून काय अडलंय इथं?" त्याने मान वर केली नाही. "तेवढा कोट ठेवून जा, कात्रीला होईल. बिनलोखंडी कोट मिळतात कुठं?"

कोटाचं एक बटण लोंबत होतं. हिल्काने सुईदोरा काढला, बटण पक्कं केलं. मग सगळा कोट चाचपून पाहिला, आत कुठे टाचणी राहिली नाही ना, आणि तो कात्रीच्या खांद्यावर घातला. सुई स्वतःच्या स्वेटरला टोचून ती तशीच बर्फात बाहेर पडली.