भक्ती वाढली की पाणी वाढतं

विहिरीभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. धरणाचा तळ उघडा पडला होता, नळ घरोघरी नुसते फुसफुसत होते, आणि टेकडीखालच्या या पडक्या विहिरीत मात्र रोज पाणी चढत होतं. काठावर रेशमी झगा घातलेले बाबा हात पसरून उभे होते.

"भक्ती वाढली की पाणी वाढतं!" बाबा गरजले. "तुम्ही मूठभर होतात तेव्हा पाणी तळाशी होतं. आज टेकडीवर माझ्या आश्रमात पाय ठेवायला जागा नाही, तर बघा, विहीर कशी भरली! सुगंध येतोय ना? स्वर्गातला आहे तो!"

लोकांनी जयजयकार केला आणि बाटल्या बुडवल्या. पाणीखात्याचे साहेब पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून गालात हसत होते. विहिरीला पाणी लागल्यापासून त्यांच्या कचेरीवर एकही मोर्चा आला नव्हता.

गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंनी नाकाला रुमाल लावला. सेवेकरी विहिरीत अत्तर ओततात हे त्यांनी पाहिलं होतं, पण अत्तराखाली आणखी एक वास होता. दवाखान्यातल्या बेडपॅनशी त्यांची रोजची गाठ. तो वास कशाचा, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

दवाखान्यात एकेका खाटेवर दोघं-दोघं झोपले होते. जुलाब, उलट्या, खोल गेलेले डोळे. आणि प्रत्येकाच्या उशाशी तीर्थाची बाटली!

"विहिरीवर खात्याची पाटी आहे, पाणी पिऊ नका म्हणून. वाचली नाहीत?" त्यांनी एका शिंप्याला विचारलं.

"वाचली की! त्याच खात्यानं मागच्या पावसात सांगितलं होतं, पुराचा धोका नाही, निवांत राहा. आणि न सांगता धरणाचे दरवाजे उघडले. माझं शिलाई मशीन गाळात गेलं. ते 'पिऊ नका' म्हणाले, तेव्हाच मी ठरवलं, प्यायचं."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या सलाईनची धार वाढवली.

घरी आल्या तर त्यांची स्वतःची मुलगी ओकून निपचित पडलेली. सासूबाई तिच्या ओठांना चमच्याने तीर्थ लावत होत्या. डॉक्टरीणबाईंनी चमचा हिसकावून घेतला, मुलीला उचललं आणि दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं. संताप गिळून मगच त्या मागोमाग आलेल्या सासूबाईंकडे वळल्या.

"आई, यात संडासाचं पाणी आहे."

"जीभ झडेल तुझी!"

"मग मला खोटं पाडा. हा हिरवा रंग घ्या. पाण्याचा माग काढायला वापरतात, अपाय करत नाही. आश्रमाच्या संडासात तुमच्या हातानं ओता. विहीर हिरवी झाली नाही, तर मी बाबांच्या पायावर डोकं ठेवीन."

सासूबाई तरातरा निघाल्या, मागोमाग डॉक्टरीणबाई. सुनेला एकदाचं नमवायचंच होतं त्यांना! टेकडीवर मात्र त्या थबकल्या. आश्रमाच्या पाण्याच्या भल्यामोठ्या टाकीत पाणीखात्याचा टँकर रिकामा होत होता. "अगं, हा तर आपल्या आळीचा टँकर! आपल्याला तर बिघडलाय म्हणून सांगितलं होतं!" पदराखालची रंगाची बाटली घेऊन त्या संडासाकडे गेल्या. सून बाहेर उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी विहीर पोपटी हिरवी झाली.

क्षणभर बाबाही बावरले. पण असल्या माणसांची जीभ कुठे अडते? "चमत्कार!" ते ओरडले. "हिरवा रंग! पिकांचा रंग! धरती प्रसन्न झाली! प्या, लेकरांनो, प्या!"

लोक पुढे झेपावले. डॉक्टरीणबाई घसा फोडून ओरडल्या, पण त्या गलक्यात कोण ऐकतंय? तेवढ्यात सासूबाई माणसांना ढोसत काठावर जाऊन उभ्या राहिल्या.

"थांबा! हिरवं मी ओतलंय!" त्यांनी दोन्ही हात वर केले. "काल. आश्रमाच्या संडासात. ह्या हातांनी!"

सगळे जागच्या जागी थिजले. कुणीतरी बाटली फेकून दिली. मागे एक बाई भडाभडा ओकली.

"म्हातारी भ्रमिष्ट आहे," बाबा म्हणाले.

"मग तुम्ही एक घोट घ्या," डॉक्टरीणबाईंनी ओंजळभर पाणी त्यांच्या तोंडापाशी नेलं. बाबा असे मागे सरले, जणू विंचूच दाखवला होता.

शिंपी सलाईनची सुई काढून आलेला. तरी तोच आधी विहिरीत उतरला. पाण्याच्या वरच्या एका कपारीतून हिरवी धार गळत होती; तिथे रचलेले दगड त्याने उपसले. आत जाडजूड पाइप होता, थेट आश्रमाच्या मैल्याच्या टाकीतून आलेला. भक्त वाढले की संडास वाढत होता, आणि संडास वाढला की विहीर भरत होती. बाबा एवढं मात्र खरं बोलले होते.

बाबांना पोलिसांनी नेलं. पाणीखात्याचे साहेब खुर्ची सोडून हळूच निघाले होते. सासूबाईंनी त्यांना अडवलं.

"आम्ही पाटी लावली होती," साहेब पुटपुटले.

"पाटी आम्हाला आणि टँकर त्याला? आमच्याच वाट्याचं पाणी त्याच्या संडासातून आम्हाला पाजलंत!" त्या थुंकल्या.

लोक साहेबांच्या अंगावर धावले. डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या.

"मारून पाणी येणार नाही. टँकर कुठे जातो, धरणाचे दरवाजे कोण आणि कधी उघडतं, पाणी कोण तपासतं, हे रोज विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा. यांच्यावर विश्वास नाही ना? नकाच ठेवू. पण तो विश्वास इथून काढून कुण्या बाबाच्या पायाशीही नेऊन ठेवू नका. तपासल्याशिवाय कुणाचंच पाणी पिऊ नका. माझंसुद्धा!"