जोडीतला डावा रॉड

मी एक जुना कनेक्टिंग रॉड आहे. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका, मित्रांनो. मोटारसायकलचं कौतुक करताना तुम्ही टाकीचा रंग बघता, हॉर्न वाजवून बघता. आतल्या मंडळींना कोण विचारतो? पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली उड्या मारतो, त्या उड्यांनी क्रँक गरागरा फिरते आणि मग चाक धावतं. पिस्टनला आणि क्रँकला जोडणारा पोलादी हात म्हणजे मी. माझं लहान टोक पिस्टनला धरतं आणि मोठं टोक क्रँकला कवेत घेतं. गाडी चालते ती आमच्या जिवावर, हे मी जरा गर्वानेच सांगतो.

आमची गाडी दोन सिलिंडरची, म्हणून आम्ही दोघे. उजवीकडे माझा भाऊ, डावीकडे मी. सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात तापलेल्या पोलादावर घण पडले आणि आमचा जन्म झाला. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने शेकडो रॉड तोलले आणि त्यांतून आम्हा दोघांना निवडून बाजूला ठेवलं. दोघांच्या अंगावर त्याने एकच आकडा ठोकला. तेव्हापासून आम्ही जुळे. एकाने वर जायचं तेव्हा दुसऱ्याने वर, एकाने खाली तेव्हा दुसऱ्याने खाली, आणि तेही मिनिटाला हजारो वेळा. भांडायला आम्हाला सवडच नव्हती.

काही वर्षं लष्कराची चाकरी झाली. मग सिकंदराबादच्या लिलावात गाडी निघाली आणि या हातातून त्या हातात फिरत मोतीराम गुरुजींकडे आली. गुरुजींचं घर तलमडुगूला आणि शाळा बाजारहत्नूरला. त्यांच्या वस्तीतली ही पहिली मोटारसायकल. त्यांच्या बायकोने, पंचफुलाबाईंनी, लग्नाआधी आणि लग्नानंतरही मजुरीने कापूस वेचला होता, पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटल्या होत्या. गाडी दारात आली त्या दिवशी त्या म्हणाल्या, "बसाले भेव लागते, पण बसतो मी!" मला डोळे नाहीत, मित्रांनो, पण कान मात्र तीक्ष्ण आहेत. इंजिनाच्या पोटात राहून मी या घरातलं सगळं ऐकलं आहे, न दिसलेलं त्यावरून ताडलं आहे.

दरवर्षी अशोक विजयादशमीला दोघे याच गाडीवरून नागपूरला दीक्षाभूमीवर जात. पहाटे निघायचं, पैनगंगेचा पूल ओलांडायचा आणि मग सरळ रस्ता. पंचफुलाबाईंना तेव्हा वाचता येत नव्हतं. गुरुजी मैलाचा प्रत्येक दगड आला की गाडी हळू करत आणि विचारत, "हं, काय लिवलं?" त्या मागून एकेक अक्षर लावत, "पां... ढ... र..." पांढरकवडा पूर्ण होईपर्यंत दगड मागे पडलेला असे. मग पुढच्या दगडापाशी पुन्हा तेच. आम्हा दोघा भावांना त्या सततच्या हळू-जोरात पळण्याचा भारी वैताग यायचा. पण तीन दसऱ्यांत बाई दगड तर वाचू लागल्याच, दीक्षाभूमीवर विकत घेतलेली पुस्तकंही मांडीवर उघडून बसू लागल्या. इतका आनंदाचा वैताग मी पुन्हा अनुभवला नाही.

एका पावसाळ्यात शाळेतून परतताना ओढ्याला पूर होता. गुरुजींना वाटलं, निघू. गाडी मधोमध बुडाली आणि उजव्या सिलिंडरमध्ये पाणी शिरलं. पाणी काही दाबलं जात नाही, मित्रांनो. पिस्टन पूर्ण जोराने त्यावर आदळला आणि माझा भाऊ कमरेत वाकला. माझ्या शेजारी त्याचा जो आवाज झाला, तो मी कुणाला सांगू इच्छित नाही.

गाडी ढकलत घरी आणली. छपरीत पोत्यांखाली ठेवली. "पुढच्या महिन्यात इंजिन उघडू," असं गुरुजी म्हणत राहिले. महिन्यांची वर्षं झाली. टाकीवर कोंबड्या बसू लागल्या. घट्ट झालेल्या तेलात मी वाकलेल्या भावाशेजारी पडून होतो. मग एक दिवस घरात खूप माणसं आल्याचं ऐकू आलं, आणि त्यानंतर गुरुजींचा आवाज पुन्हा कधी आला नाही.

पंचफुलाबाई त्यानंतर नागपूरला गेल्याच नाहीत. त्यांची मुलगी अर्पिता तहसील कचेरीत कारकून आहे. ती दरवर्षी विनवायची, "आई, बसनं जाऊ. रेल्वेनं जाऊ." बाईंचं उत्तर ठरलेलं, "जाईन तं याच गाडीवर जाईन." यंदा मात्र त्यांचे गुडघे फार धरले. डॉक्टरांनी सांगितलं की पुढच्या वर्षी दुचाकीवर पाय टाकणंही जमणार नाही. मग अर्पिताने दसऱ्याच्या महिनाभर आधी गाडी टेम्पोत घातली आणि आदिलाबादला मारोती मिस्त्रीच्या गॅरेजात आणली.

मारोतीने इंजिन उघडलं. कितीतरी वर्षांनी अंगाला वारा लागला. भावाला त्याने भंगाराच्या डब्यात टाकलं, आणि "हा डावा चांगला हाये," म्हणत मला रॉकेलने आंघोळ घातली. हैदराबादच्या जुन्या बाजारातून त्याने आमच्याच जातीचा दुसरा रॉड शोधून आणला. पण तो दुसऱ्या खेपेचा. त्याच्या अंगावरचा आकडाही निराळा. मला तो पाहुणा पहिल्याच दिवशी आवडला नाही.

मारोती हुशार माणूस. जोडी जुळवायची हे त्याला ठाऊक होतं. गल्लीतल्या सराफाच्या काट्यावर त्याने आम्हाला तोललं. मी नऊ ग्रॅमने जड निघालो. रॉडला वजन चढवता येत नाही, जो जड असेल त्यालाच घासून कमी करायचं. म्हणजे घासणार कुणाला? मला! कारखान्यातून निवडून आलेल्या मला, त्या उपऱ्यासाठी! कानस चालली तशी माझी चिडचिड वाढत गेली. मारोतीने माझं लहान टोक हाताशी आलं म्हणून तिथूनच नऊ ग्रॅम काढले. काटा बरोबर आला. "गुंजभराचाबी फरक नाई," असं म्हणून त्याने इंजिन बंद केलं.

दसऱ्याला चार दिवस उरले असताना अर्पिताने आईला मागे बसवलं आणि गाडी रस्त्यावर काढली. अरे देवा, काय ती थरथर! आम्ही दोघे एकमेकांना नुसते हिसके देत होतो. आरसा गळून पडला. दोन किलोमीटरवर बाई उतरल्या. त्यांचे तळहात बधिर झाले होते.

गॅरेजात परत आल्यावर मारोती ओशाळला. "काकू, मी सोता तोलले. दोनी बरोबर हायेत."

अर्पिता म्हणाली, "राहू दे आई. आपण बसनं जाऊ."

बाई लाकडी बाकावर बसल्या. बधिर तळहात चोळत त्या म्हणाल्या, "मारोती, तू कदी पऱ्हाटीचा भारा बांधला काय?"

"नाई काकू."

"मंग आयक. पऱ्हाटीचं बुड जड असते, शेंडा हलका. दोन भारे काट्यावर सारखेच भरतील. पन एकात बुडकं एका अंगाले जास्त पडले, तं थो भारा डोक्यावर रायतच नाई, मान मोडते. वजन किती हाये थे पायलं तुनं. कोनत्या टोकाले हाये थे पायलं काय?"

मारोतीने कपाळावर हात मारला. मग धावत जाऊन त्याने इंजिन पुन्हा उघडलं. या वेळी त्याने माझं एक टोक दोऱ्याने टांगलं, दुसरं टोक काट्यावर ठेवलं आणि मला अगदी आडवं धरून तोललं. मग टोकांची अदलाबदल करून पुन्हा तोललं. पाहुण्याचंही तसंच केलं. खरी गोष्ट उघडी पडली. मोठ्या टोकाला मी अकरा ग्रॅमने जड होतो, आणि लहान टोकाला तो माझ्यापेक्षा अकरा ग्रॅमने जड. दोन्ही मिळून बेरीज सारखी, म्हणून काटा गप्प होता.

"दोघायलेबी घासा लागते," मारोती म्हणाला.

"मंग घास ना. काऊन थांबला?" बाई म्हणाल्या.

आधी मला घासलं, मग त्याला. कानशीखाली तोही माझ्यासारखाच किरकिरला. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, याचाही कुणी जुळा भाऊ असेल. यालाही कुणी विचारलं नव्हतं. मला माझी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना शेजारी शेजारी बसवलं, आणि मी त्याच्याबरोबर मुकाट्याने वर गेलो, खाली आलो. इंजिन गुरगुरू लागलं. थरथर नव्हती.

दसऱ्याला पांढरं लुगडं नेसून पंचफुलाबाई अर्पिताच्या मागे बसल्या. नागपूरपर्यंत चार वेळा थांबलो, ते त्यांच्या गुडघ्यांसाठी. आमच्यासाठी एकदाही नाही. दीक्षाभूमीच्या अलीकडे गर्दीत गाडी उभी राहिली. अर्पिताने धरून त्यांना उतरवलं. त्यांनी तापलेल्या इंजिनाजवळ हात आणला. अर्पिता ओरडली, "आई, हात भाजन ना!" बाईंनी हात मागे घेतला नाही. त्या अगदी हळू बोलल्या. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. "गुरुजी, पोचलो आपन."

मित्रांनो, तुमच्याही घरी एखाद्या छपरीत असं काहीतरी पोत्यांखाली पडलं असेल. त्याला उघडा, पुसा, तेल द्या. नवा जोडीदार देताना दोघांनाही दोन्ही टोकांनी तोला, आणि घासावं लागलं तर दोघांनाही थोडं घासा. आम्ही कुरकुर करू, तिकडे लक्ष देऊ नका. फक्त जोडीतला एक गेला म्हणून उरलेल्याला भंगारात काढू नका. त्याला अजून कुठेतरी पोचायचं असतं.