नेलपॉलिशचा ठिपका

शुक्रवारी सकाळी प्रांजलने गाडीचं बॉनेट उघडलं आणि हाताला लागेल त्या प्रत्येक भागावर लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिला. बॅटरीवर दिला, नळ्यांवर दिला, इंजिनच्या डोक्यावर बसलेल्या वेड्यावाकड्या नळकांड्यावरही दिला. गॅरेजवाले चांगला भाग काढून कुठला तरी जुनापुराणा बसवतात, असं तिने इंटरनेटवर वाचलं होतं. कडेवरच्या दीड वर्षाच्या समृद्धीने आपलंही बोट पुढे केलं, तेव्हा तिच्या नखालाही एक ठिपका मिळाला.

मंगळवारी पळस्पे फाट्यावर गोव्याच्या रस्त्याला लागताना गाडीचा जीवच गेला होता. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय तळाला टेकला तरी गाडी रांगत होती, मागून भोंगा वाजवत कंटेनर येत होता आणि मागच्या सीटवर समृद्धी होती. कंटेनर हातभर अंतरावरून निघून गेला. सोमवारी प्रांजल नोकरीवर परत रुजू होणार होती. लेकीला रोज शिरढोणला आईकडे सोडायचं, म्हणजे रोज तोच फाटा. गाडी तिथे पुन्हा दगा देणार नाही, एवढी एकच खात्री तिला हवी होती.

तिच्या नवऱ्याला, शैलेशला, डिझेलमधल्या भेसळीचा संशय होता. त्याने दोन पंप बदलून पाहिले होते. "आपली गाडी चालते किती आणि पिते किती!" तो म्हणायचा. "भेसळच असणार," प्रांजल म्हणायची आणि विषय बदलायची.

गर्शोम पेणकरांचं गॅरेज पनवेलच्या जुन्या वस्तीत होतं. काकांनी एसटीच्या डेपोत उभं आयुष्य डिझेल इंजिनांत घालवलेलं. आल्या आल्या त्यांनी बजावलं, "आज शुक्रवार. सूर्य मावळायच्या आत मला घरी दिवा लागलेला दिसला पाहिजे. उद्या शब्बाथ, आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. गॅरेज बंद. गाडी ठेवून गेलात तर रविवारी देतो."

"ठेवून जाणार नाही. मी इथेच बसते," प्रांजल म्हणाली.

"बसा की. खुर्ची आहे."

तिने खुर्ची उचलून गाडीपासून तीन फुटांवर आणून ठेवली आणि समृद्धीला घेऊन बसली. काकांनी ते पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसले.

तासाभराने त्यांनी ते वेडंवाकडं नळकांडं काढून तिच्यासमोर धरलं. "हा इनटेक. इंजिनचं नाक म्हणा. आत बघा."

आत बोटभरही जागा नव्हती. डांबरासारखा काळा, तेलकट लगदा भिंतींवर थरावर थर चढला होता. ओल्या शेणाला वंगणाचा वास यावा तसा वास.

हा आमचा नव्हेच, प्रांजलच्या मनात आलं. कुठल्या तरी ट्रकचा असणार. पाच वर्षांच्या गाडीत एवढी घाण? ती वाकून नळकांडं फिरवून फिरवून पाहू लागली.

"ठिपका शोधताय? तो इकडे, खालच्या बाजूला," काका म्हणाले. "सकाळीच दिसला मला. बॅटरीवर पण आहे. माझ्या पान्यावर तेवढा द्यायचा राहिला."

प्रांजलचे कान गरम झाले.

"धुरातला थोडा धूर इंजिन परत आत ओढतं," काका ब्रश शोधत म्हणाले. "तशी रचनाच आहे. त्यातली काजळी आणि तेलाची वाफ एकत्र झाली की हे असं होतं. पण पाच वर्षांत इतकं? गाडी उभी करून इंजिन चालू ठेवता का तुम्ही?"

"नाही," प्रांजल पटकन म्हणाली. आता हा आपल्यावरच ढकलणार, हे तिने ओळखलं. असंच करतात हे लोक.

"कधीच नाही?"

"सांगितलं ना, नाही."

काकांनी ब्रश उचलला. दुपारभर ते रॉकेलमध्ये बुडवून घासत राहिले, खरवडत राहिले, आणि प्रांजल प्रत्येक स्क्रू कुठून निघाला नि कुठे बसला ते पाहत राहिली. काकांच्या घरून त्यांच्या बायकोचा, जेरुशाकाकूंचा, दोनदा फोन आला. समृद्धी झोपेला आली होती. आधी किरकिरली, मग भोकाड पसरलं. मांडीवर थोपटलं, गाणं म्हटलं, बिस्कीट दिलं, पाण्याची बाटली दिली. कशालाच दाद देईना.

चारच्या सुमाराला काकांनी सगळं बसवून चावी फिरवली. इंजिन एका लयीत गुरगुरायला लागलं.

समृद्धीचं रडणं अर्ध्या हुंदक्यात थांबलं. डोळे जडावले. मान आईच्या खांद्यावर कलंडली.

काकांनी इंजिन बंद केलं. समृद्धी दचकून रडली. त्यांनी परत चालू केलं. झोपली. परत बंद. परत भोकाड.

"अहो काका, पुरे!" प्रांजल ओरडली.

"कधीच नाही, नाही का?" काका शांतपणे म्हणाले.

प्रांजल खुर्चीत मागे टेकली. "दुपारी वीज जाते. पंखा नाही, काही नाही. हिच्या अंगभर घामोळं. गाडीत एसी लावून बसलं की झोपते. दोन तास. कधी अडीच."

"रोज?"

"रोज. ह्यांना माहीत नाही."

"आणि ते बिचारे पंप बदलतायत." काका हात पुसत हसले आणि मग एकदम गंभीर झाले. "नुसतं गुरगुरत ठेवलं की इंजिन नीट तापत नाही. काजळी जळत नाही, साठत जाते. ते एक वेळ सोडा, मी परत साफ करीन. पण बंद काचांच्या उभ्या गाडीत लेकराला घेऊन अडीच तास? कुठून धूर आत शिरला तर कळणार कसं तुम्हाला? दोघी झोपेतच..."

प्रांजलने लेकीला घट्ट धरलं. पंपवाला, गॅरेजवाला, दूधवाला, सगळ्यांवर तिची नजर होती, फक्त स्वतःवर नव्हती.

"मला मघाशीच का नाही सांगितलंत?" काकांनी विचारलं.

"तुम्ही माझ्यावर ढकलाल असं वाटलं."

"ढकललंच की आता!"

दोघंही हसली. पण गाडीत बसल्यावर प्रांजलने चावी फिरवली नाही. "काका, तुम्हीपण चला पळस्प्यापर्यंत. मला तिथेच बघायचंय."

काकांनी उन्हाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "साडेपाचला मला दारात सोडायचं. नाहीतर जेरुशा मला घरात घेणार नाही."

फाट्यावर वळताना आरशात परत एक कंटेनर दिसला. प्रांजलचा पाय आपोआप सैल पडला.

"सोडू नका! तिसऱ्या गिअरमध्येच ठेवा. ओरडू दे इंजिनला!"

तिने पाय दाबला. मागे उरल्यासुरल्या काजळीच्या काळ्या धुराचा एक लोट उठला आणि गाडीने अशी उसळी घेतली की काकांची टोपी मागे गेली. आरशातला कंटेनर लहान होत गेला. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा मागे धूर नव्हता. तिसऱ्यांदाही नव्हता. चौथ्यांदा तिने उगाचच दाबलं.

"पटलं?" काकांनी विचारलं.

"सोमवारी परत बघेन," प्रांजल म्हणाली. मागे समृद्धी टक्क जागी होती आणि लाल ठिपक्याचं बोट काचेवर आपटत होती. "पण काका, दुपारी हिला झोपवायचं कसं हो?"

"ते घरी चला आणि आमच्या बाईसाहेबांना विचारा. चार पोरं झोपवली तिने. एकालाही इंजिन लागलं नाही."