खूण कुठं हाय?

मी एक जुनी कॉन्फिग फाईल आहे, मित्रांनो. नाक मुरडू नका. येडशीतल्या एका लॅपटॉपच्या लपवलेल्या फोल्डरात मी राहते. मला उघडून कुणी बघत नाही आणि माझ्यावाचून कुणाचं चालतही नाही.

तहरीमनं लॅपटॉपवर पहिला सरावाचा क्लस्टर उभा केला, त्या दिवशी मी जन्मले. प्रोग्राम बंद डब्यांत भरतात, त्या डब्यांना कंटेनर म्हणतात आणि ते डबे सांभाळणारी यंत्रणा म्हणजे क्लस्टर. त्याचा पत्ता आणि किल्ली माझ्या पोटात. पुढं सांभाळायला मिळालेला माकणीच्या दूध संकलन केंद्राचा खराखुरा क्लस्टरही माझ्यातच आला. तिथं सकाळ-संध्याकाळ दुधाचं वजन आणि फॅट त्यावरच नोंदतात. दिलेला हुकूम कुठं जाणार, ते माझ्यातली एक खूण ठरवते.

"हिच्यामुळं बसल्या जागी माकणी गाठता येती," तहरीमची कामातली जोडीदारीण सोनाली कौतुकानं म्हणायची. मी फुगले. खरंच फुगले, कारण मोडलेल्या क्लस्टरांचे मेलेले पत्ते काढायचा दोघींनाही कंटाळा. पोरी हुशार, पण माझ्या बाबतीत गबाळ्या. स्पष्टच बोलते.

नियम मात्र एक होता. लॅपटॉप दोघींत एकच, म्हणून उठताना दुसरीला खूण सांगून उठायचं. त्या श्रावणी सोमवारी सोनाली रामलिंगला जायच्या घाईत न सांगताच पळाली. तहरीम लॅपटॉपवरचा, म्हणजे घरचा, सरावाचा क्लस्टर पुसायला बसली. हुकूम लिहून झाला आणि बोट थबकलं. तिनं फोन लावला.

"सोने, खूण कुठं हाय?"

"घरच्यावरच असल की. दाब बिनधास्त, माझा नंबर आलाय दर्शनाचा."

"असल नको. हाय म्हण."

पलीकडं देवळात घंटा वाजत होत्या. सोनाली हळूच म्हणाली, "आठवंना गं."

मी काय ओरडणार? मला तोंड नाही. पण विचारलं तर मी खोटं बोलत नाही. तहरीमनं लिहिलेला हुकूम खोडला आणि मला विचारलं. मी सांगितलं, माकणी. तो हुकूम सुटला असता, तर माकणीचाच क्लस्टर पुसला गेला असता. किटल्या घेऊन बाया केंद्रावर निघायची वेळ झाली होती.

"महादेवानंच वाचिवलं गं," सोनाली परत आल्यावर म्हणाली.

"त्यालाच खूण सांगून गेलतीस वाटतं," तहरीम फणकारली. "मला तर न्हाय सांगितली."

मग बसल्या दोघी साफसफाईला. मेलेले पत्ते गेले. माकणी वेगळ्या फाईलीत गेली. ती वापरताना पडद्यावर लाल अक्षरांत नाव झळकतं. माझा मान गेला, म्हणून चार दिवस मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, किल्ली फिरवण्याआधी ती कोणत्या दाराची हे विचारत जा. 'असल' म्हणून हात चालवणारा धाडसी नसतो, निव्वळ आळशी असतो. आणि उठताना शेजारच्याला सांगून उठा. त्याला काही पैसे पडत नाहीत.

आता माझ्यात घरचा एकच क्लस्टर आहे. पोरी तो दिवसभर मोडतात, पुन्हा उभा करतात, चुकल्या की हसतात. मी सुखात आहे. माझ्याकडून कितीही मोडलं, तरी माकणीत कुणाचं दूध खोळंबत नाही.