विझव्याने हात सोडावा की नाही

मी कोर्टात लघुलेखक आहे. समोरचा माणूस खरं बोलतोय की थापा मारतोय याच्याशी मला कर्तव्य नसतं. तो बोलतो, मी लिहिते. त्यामुळे मी कुठेही गेले की लोक माझ्या हातात कागद कोंबतात आणि एका कोपऱ्यात बसवतात. विझव्या मंडळातही तेच झालं. नवऱ्याबरोबर एकदा नुसती बघायला म्हणून गेले, ती कायमची इतिवृत्त लिहायला बसले.

विझव्या हा एका जुन्या कॉमिकचा नायक. शहरातले दिवे विझवतो आणि अंधारात गुंडांना गाठतो, म्हणून विझव्या. सगळं चित्रण काळ्या शाईत. त्यात कोणी हसत नाही, कोणाचं भलं होत नाही, आणि चांगली माणसं तर पटापट मरतात. मला त्यात डोंबलाचं काही आवडत नाही. पण आमचे हे आणि माझे दीर, दोघांनी लहानपणी पलंगाखाली पालथं पडून एकाच प्रतीतून तो वाचला. थोरला पान उलटायची घाई करायचा आणि धाकटा 'थांब ना दादा' म्हणून बोंबलायचा, असं सासूबाई सांगायच्या. आता थोरला लिफ्टची तपासणी करतो, धाकट्याचं चष्म्याचं दुकान आहे, दोघांच्याही डोक्यावर मोजके केस उरलेत, आणि विझव्या म्हटलं की दोघेही पुन्हा पलंगाखाली.

विझव्यावर चित्रपट निघणार अशी बातमी आली तेव्हा हे मंडळ स्थापन झालं. चित्रपट व्हावा की होऊ नये, आणि झाला तर कसा व्हावा, यावर महिन्यातून एका रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत चर्चा. चर्चा कसली, भांडणंच. पहिल्याच सभेत विझव्याच्या मुखवट्यातून ओठ दिसावेत की नाही यावरून घोड्याएवढ्या दोन माणसांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या. तेव्हा अध्यक्षबाईंनी नियम केला की कोणी कोणाशी थेट बोलायचं नाही, जे काय म्हणायचं ते अध्यक्षांना उद्देशून. अध्यक्षबाई दातांच्या डॉक्टर आहेत. समोरच्याला तोंड उघडायला कधी सांगायचं आणि मिटायला कधी, हे त्यांना बरोबर कळतं.

सगळ्यात जास्त पेटायचं ते शेवटच्या अंकावर. त्यात गिरणीला आग लागते. विझव्याला ज्याने लहानाचा मोठा केला तो म्हातारा जळत्या मजल्यावरून खाली लोंबकळतो, आणि विझव्याने त्याचा हात धरलेला असतो. विझव्याचा साथीदार दोर आणायला गेलेला असतो. पानंच्या पानं नुसते दोन हात दिसतात. आणि मग विझव्या हात सोडतो. साथीदार दोर घेऊन येतो तेव्हा लोंबकळणारं कोणी उरलेलं नसतं. चित्रपटवाल्यांनी जाहीर केलं की आमच्या चित्रपटात विझव्या हात सोडणार नाही, साथीदार वेळेवर पोचेल. झालं! मंडळाचे उभे दोन तट पडले. हात सोडलाच पाहिजे असे आमचे हे, आणि सोडायला नको होता असे माझे दीर.

सुरुवातीला ही निव्वळ गंमत होती. दोघे एकाच स्कूटरवर भांडत यायचे आणि भांडत जायचे. मग माझे सासरे आजारी पडले.

भाऊजी तेव्हा कामासाठी दूरच्या शहरात होते. सासऱ्यांना श्वासाच्या यंत्रावर ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता यात काही अर्थ नाही, तुम्ही ठरवा. भाऊजींचा फोन आला, "मी निघालोय दादा, मी येईपर्यंत थांब." आमच्या ह्यांनी सकाळीच यंत्र काढायच्या कागदावर सही केली. भाऊजी पोचले ते दुपारी, सगळं संपल्यावर. दारातच बॅग टाकली आणि म्हणाले, "थांबता नाही आलं तुला?" तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. ना फोन, ना येणंजाणं. मी आणि माझी जाऊ तेवढ्या बोलायचो, तेही दुकानातून किंवा कोर्टाच्या जिन्यातून, चोरून प्रेम करणाऱ्या पोरींसारखं.

मंडळ मात्र दोघांनीही सोडलं नाही. एक खिडकीकडे बसायचा, दुसरा कपाटाकडे. आणि अध्यक्षांना उद्देशून जे काय सुरू व्हायचं! भाऊजी म्हणायचे, "अध्यक्षांनी माननीय सदस्यांना विचारावं, साथीदार निघालाय हे विझव्याला ठाऊक होतं की नव्हतं?" हे म्हणायचे, "अध्यक्षांनी माननीय सदस्यांना सांगावं, हात ज्याने धरलेला असतो त्यालाच वजन कळतं." बाकीच्यांना वाटायचं, काय अभ्यास आहे दोघांचा! मी मान खाली घालून लिहीत राहायची. यात न कळण्यासारखं काय होतं? दोघे आपल्या बापाबद्दल बोलत होते. दर महिन्याला, चारचौघांत, एका दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या मार्फत.

मला राग यायचा. वाटायचं, दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालून एका खोलीत कोंडावं. पण निदान बोलतायत, हेही खरं होतं. घरी आल्यावर हे पुढच्या सभेची तयारी करायचे. भाऊजी काय म्हणतील, मग आपण काय म्हणायचं. धाकट्याचा विचार करायला त्यांना तेवढं एकच निमित्त उरलं होतं.

आणि एके दिवशी बातमी आली की चित्रपट रद्द झाला. का, कशासाठी, देव जाणे. होणार नाही, एवढंच.

मंडळात आमच्या बाजूने जल्लोष झाला. पोस्टर नावाचा एक सदस्य आहे, म्हणजे आम्ही त्याला पोस्टर म्हणतो, कारण तो काखेत गुंडाळी घेतल्याशिवाय कुठे जात नाही. त्याने ह्यांना फोन करून अभिनंदन केलं. "जिंकलात की हो तुम्ही!" हे "हो, हो" म्हणाले आणि फोन ठेवून तसेच बसून राहिले. जेवताना भाजीत मीठ पडलं नव्हतं, तेही त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी जावेचा फोन आला. अध्यक्षबाईंनी कळवलं होतं, आता चर्चेला विषयच उरला नाही, तेव्हा येत्या रविवारी शेवटची सभा आणि मंडळ बंद.

"ताई," ती म्हणाली, "मग आता हे दोघं बोलणार कुठे?"

मी म्हटलं, "माझ्या कपाळावर."

"थट्टा नको ना. इकडे ह्यांनी गिऱ्हाइकाला दुसऱ्याच नंबरचा चष्मा दिला काल. मी विचारलं, दादांना फोन लावू का? तर अंगावर आले."

मग मी ह्यांना धरलं. स्वयंपाकघरातच, भांडी विसळता विसळता. म्हटलं, "फोन करा भाऊजींना."

"काय बोलू?"

"कसा आहेस विचारा. दुकान कसं चाललंय विचारा. बोलायला काय विषय लागतो सख्ख्या भावाशी?"

"त्याला एकच ऐकायचंय. मी चुकलो, असं. आणि मी चुकलो नाही." हातातला पेला त्यांनी इतका पुसला की फुटतो की काय असं वाटलं. "तू नव्हतीस त्या वेळी आत. मी होतो. बाबांची छाती कशी हलत होती ते मी बघितलंय. आणखी एक तास ते बघायचं? कोणासाठी?"

"हे भाऊजींना सांगितलंत कधी?"

"त्याने विचारलं कधी?"

या घराण्यातल्या पुरुषांपुढे मी हात टेकलेत. बापावर काळीज फाटेल एवढं प्रेम, आणि तोंडाला कुलूप.

रविवारी सगळे आले. शेवटची सभा म्हणून अध्यक्षबाईंनी बिस्किटं आणली होती, साखरेची, आणि वर स्वतःच म्हणाल्या की खाऊन चुळा भरा. भाऊजी कपाटापाशी बसले. हडकले होते. जाऊ पण आली होती आज, पहिल्यांदाच. ती माझ्याकडे बघून हसली नाही, नुसती मान हलवली.

प्रत्येकाने शेवटचे दोन शब्द बोलायचे असं ठरलं होतं. पोस्टर बोलला आणि भावनेच्या भरात गुंडाळी त्याच्याच चहात बुडाली. आकडेमोड बोलला. हा बँकेत असतो आणि विझव्याच्या कुठल्या अंकात कितव्या पानावर काय आहे ते त्याला झोपेत विचारा. मग ह्यांचं नाव पुकारलं. आमच्या बाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. विजयी वीराचं भाषण ऐकायला सगळे सरसावून बसले.

हे उठले. खिशातून कागद काढला, उघडला नाही, परत ठेवला.

"अध्यक्ष," हे म्हणाले, "मला माझं मत बदलायचंय."

खोलीत कुजबुज झाली. अध्यक्षबाईंनी टेबलावर पेन आपटलं.

"विझव्याने थांबायला हवं होतं. म्हातारा वाचला असता असं मी म्हणत नाही. तो वाचणार नव्हता, ते मी आजही सांगेन. पण साथीदार निघाला होता. तो धावत येत होता. त्याच्यासाठी थांबायला हवं होतं. म्हाताऱ्यासाठी नाही, त्याच्यासाठी. तेवढं माझ्या लक्षात आलं नाही. म्हणजे, लेखकाच्या. माझ्या लक्षात आलं नाही." आणि हे खाली बसले.

"अहो, काय हे!" पोस्टर ओरडला. "इतकी वर्षं आमच्याकडून घसा फोडून घेतलात आणि आता फितूर होता?" दुसऱ्या बाजूने कोणीतरी शिट्टी मारली. मी लिहीत होते. माझी अक्षरं कोर्टात कधी बिघडली नाहीत, ती तिथे बिघडली.

भाऊजींचं नाव पुकारायची वेळ नव्हती. तरी ते उभे राहिले. अध्यक्षबाईंनीही अडवलं नाही.

"अध्यक्षांनी माननीय सदस्यांना विचारावं," भाऊजी म्हणाले. "म्हाताऱ्याला त्रास होत होता का? शेवटी?"

"फार," हे म्हणाले. अध्यक्षबाईंनी विचारायच्या आतच. "फार होत होता."

"एक मिनिट," आकडेमोड मध्येच म्हणाला, "त्रास होतोय असं दाखवलेलंच नाही. नुसते हात आहेत. कितव्या पानावर म्हणताय तुम्ही?"

"गप बसा हो!" असं मी म्हटलं. इतिवृत्त लिहिणाऱ्याने सभेत बोलायचं नसतं. पण मी बोलले, आणि चांगलं ओरडून बोलले.

भाऊजी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते. माझी जाऊ रडत होती, तोंडाला पदर नाही, रुमाल नाही, सरळ सगळ्यांसमोर.

"मग अध्यक्षांनी," भाऊजी म्हणाले, "अध्यक्षांनी दादाला सांगावं, की त्याने हात सोडला ते बरोबर केलं. मी तिथे असतो तर मला जमलं नसतं. मी धरून बसलो असतो, आणि बाबांचे हाल झाले असते."

अध्यक्षबाईंना आमच्या घरातलं काही ठाऊक नव्हतं, पण बाई शहाण्या. त्यांनी चष्मा काढला आणि नियमाप्रमाणे ह्यांच्याकडे तोंड केलं.

"तुमचा भाऊ म्हणतोय," त्या म्हणाल्या, "तुम्ही बरोबर केलंत."

"ऐकलं मी," हे म्हणाले, आणि ढसाढसा रडायला लागले. सासरे गेले त्या दिवशीसुद्धा हा माणूस रडला नव्हता. मी उठणार होते, पण तोवर भाऊजी खुर्च्या सरकवत मधून आले आणि ह्यांच्या शेजारी बसले.