विंगेतून आलेलं उत्तर

मासवणच्या नाट्यमंडळात मंगलाकाकू वर्षानुवर्षं नायिका होत्या आणि त्यांना एकही नाटक पाठ नव्हतं. पाठ असायचं ते त्यांच्या नवऱ्याला, बळवंतकाकांना. ते विंगेत स्टुलावर बसून नुसते ओठ हलवायचे, काकू ते ओठ वाचून रडायच्या, आणि मनोरहून आलेले पाहुणे म्हणायचे, बाई काय आतून बोलतात! फक्त वैतरण्याच्या प्रयोगात काकांना खोकला लागला, तेव्हा निरोपाच्या प्रवेशात काकू गप्प उभ्या राहिल्या. वाक्य आल्याशिवाय नायकाला जाता येईना. शेवटी तो बिचारा आपल्याच ट्रंकेवर बसला.

काकांचा दुसरा नाद पेपरातल्या शब्दकोड्याचा. त्यातही फक्त नाटक-सिनेमाचे प्रश्न. मूकपटातला राजा पुढे कुठल्या नाटकात भालदार झाला, हे त्यांना चहा गार व्हायच्या आत आठवायचं. नद्या, राजधान्या, खनिजं ते कोरी सोडत. भूगोल बघायला सरकार हाय, असं त्यांचं मत. त्यामुळे त्यांचं कोडं कधीच पुरं झालं नाही आणि त्यांचं त्यावाचून अडलंही नाही.

मग झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पालघरला बोलणं शिकवणाऱ्या रुचिता मॅडम म्हणाल्या, आवडीचं काहीतरी रोज विचारत राहा, एक शब्द निघाला तर पुढचे निघतील. त्या एका शब्दासाठी काकू रोज सकाळी पेपर घेऊन खाटेशी बसू लागल्या. म्हणजे ज्याला उत्तरं येत होती त्याला बोलता येत नव्हतं, आणि जिला बोलता येत होतं तिला आजवर प्रत्येक उत्तर दुसऱ्यानेच सांगितलं होतं. बोईसरहून रात्रपाळी करून आलेला धीरज म्हणाला, "आई, तू निदान भूगोल तरी भर."

एका सकाळी काकूंनी वाचलं, 'नाटकाआधीचं स्तवन, दोन अक्षरं', आणि काकांचे ओठ हलले. आवाज नाही, पण डावी बाजू व्यवस्थित हलली. काकूंनी धीरजला झोपेतून उठवून आणलं. ओठ मात्र दोन अक्षरांहून बरेच जास्त हलत होते. पुढच्या प्रश्नालाही तेच ओठ. तांब्याच्या खाणींचा देश विचारला, तरी तेच. रुचिता मॅडम फोनवर म्हणाल्या, त्याला अर्थ असेलच असं नाही, फार आशा ठेवू नका.

काकूंना मात्र अर्थ लागला. अर्धे ओठ वाचायला वेळ गेला इतकंच. ते कोड्याचं उत्तर नव्हतंच. निरोपाच्या प्रवेशातलं काकूंचंच वाक्य होतं, वैतरण्याला राहिलेलं. "जावा तुमी, मी नाय अडवत." ते म्हटलं की नायक उंबरा ओलांडतो आणि पडदा पडतो.

"काय म्हणतायत बाबा?" धीरजने विचारलं.

"मला नाय कळत."

काका पुन्हा ओठ हलवू लागले. या वेळी जरा सावकाश, विसरभोळ्या नटीसाठी हलवायचे तसे. डोळ्यांत नेहमीचाच वैताग, की बाई, तो तिकडे ट्रंक घेऊन ताटकळलाय.

काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि उशाशी ठेवून दिला. आता ओठही धूसर आणि पेपरही.

"आडवं पाच," पेपर नाकाशी धरून त्या म्हणाल्या, आणि तिथे नसलेला प्रश्न वाचू लागल्या.